तळघरातलं चाक

पहिला दगड खिडकीची काच फोडून आत आला आणि नेमका अध्यक्षांच्या चहाच्या कपात पडला. अध्यक्ष म्हणजे उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात 'शांतता राखा'च्या पाटीखाली काढलेला माणूस. त्यांनी आधी चष्म्यावरचा चहा पुसला, मग कपाच्या ठिकऱ्यांकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हा विषय आजच्या बैठकीत होता का?"

"नव्हता," थोरली म्हणाली. "पण मी घरात आणून ठेवलाय."

थोरली संघटनेची सचिव होती. राज्यात जेवढी म्हणून वाचनालयं, शाळा-कॉलेजांतली ग्रंथालयं, अगदी तुरुंगातली दोन कपाटंसुद्धा, त्या सगळ्यांच्या ग्रंथपालांची मिळून ही एक संघटना. कुणाचं छप्पर गळलं, कुणाच्या पुस्तकांना वाळवी लागली, कुणाला वरचा साहेब छळतोय, की फोन थोरलीला. तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिची सख्खी बहीण धाकटीही ग्रंथपालच होती, लांबच्या एका गावात. या दोन बहिणींच्या तोंडाला लागायची राज्यात कुणाची टाप नव्हती.

परवा एकाने ती हिंमत केली. पण ते नंतर. आधी गाडीचं सांगायला हवं.

संघटनेची एक गाडी होती. एका गावच्या वाचकाला हवं असलेलं पुस्तक दुसऱ्या गावी असलं, तर ही गाडी ते आणून द्यायची, वाचून झालं की परत पोचवायची. या गावच्या ग्रंथपालाने खोकी पुढच्या गावच्या ग्रंथपालाच्या ताब्यात द्यायची, त्याने त्याच्या पुढच्या. खोकं हातातून हातात जात राहायचं आणि कधी हरवायचं नाही. या वेळी त्या खोक्यांच्या मागे, ताडपत्रीखाली, एक माणूस निघालं होतं.

ती धाकटीच्या गावातल्या ठेकेदाराची सून. रोज दुपारी वाचनालयात येऊन बसायची. का, तर सगळ्या गावात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे तिच्या नवऱ्याला तिच्यावर आवाज चढवता येत नव्हता. एका दुपारी ती आली ती रुमालात स्वतःचे दोन दात घेऊन. धाकटीने काही म्हणता काही विचारलं नाही. गाडीवाल्या काकांना एवढंच म्हणाली, "काका, खोकी जरा पुढे सरकवा. मागे जागा करा."

झालं. गावामागून गाव, ग्रंथपालामागून ग्रंथपाल, सून पुढे पुढे सरकत राजधानीत, संघटनेच्या कचेरीत येऊन पोचली. सगळे तिला पाहुणी म्हणत. आज दुपारी गाडी सीमेवरच्या शेवटच्या वाचनालयात जाणार होती. सीमेपलीकडे पाहुणीची मावशी होती आणि पलीकडे ठेकेदाराला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. म्हणजे फक्त एक टप्पा उरला होता.

आता परवाचं. परवा ठेकेदार आणि त्याचा मुलगा धाकटीच्या वाचनालयात शिरले. सून कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, वाचक कुठे जातात ते आम्ही विचारत नाही. त्यांनी तिची बोटं पुस्तकांच्या नोंदीची कार्डं असतात त्या खणात घातली आणि खण लाथेने बंद केला. पुन्हा विचारलं. पुन्हा खण. मग दुसरा हात. शेवटी जबड्यावर सळई मारली, आणि जबडा मोडल्यावर तिला सांगायचं असतं तरी सांगता आलं नसतं, हे त्या अक्कलशून्य लोकांच्या उशिरा ध्यानात आलं. झाडलोट करणारी बाई पडद्याआड उभी होती. तिने इस्पितळातून फोनवर थोरलीला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "ओरडल्या नाहीत हो बाई. एकदापण नाही. ओरडल्या असत्या तर मला एवढी भीती वाटली नसती."

तर हे असं सगळं माहीत असूनही, आज सकाळी थोरलीने घोळ घातला. ग्रंथपालच घालील असा घोळ.

फोन वाजला. पलीकडून मऊ, अदबशीर आवाज. "मी अभ्यासक आहे. त्या गावच्या वाचनालयातून निघालेली खोकी आता कुठवर आली असतील?" आता पोलिसाला चोर दिसला की त्याचा हात काठीकडे जातो, तसं ग्रंथपालाला प्रश्न दिसला की त्याचं तोंड उत्तराकडे जातं. प्रश्न पुरा ऐकायचा, उत्तर पुरं द्यायचं, आणि विचारणाऱ्याला विचारायचं सुचलं नसेल तेही वर द्यायचं, हे संघटनेच्या प्रत्येक शिबिरात थोरली स्वतःच शिकवायची. ती म्हणाली, "आमच्याकडेच आहेत. दुपारी पुढे निघतील. तुम्हाला पाहायची असतील तर त्याआधी या. मागच्या अंगणातून सोपं पडेल."

मग बैठक सुरू झाली, आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचता वाचता ती मध्येच गप्प झाली. त्या अभ्यासकाने कुठल्याच पुस्तकाचं नाव घेतलं नव्हतं. पुस्तकाचं नाव न घेता पुस्तकं शोधणारा अभ्यासक तिने जन्मात पाहिला नव्हता. सून नाहीशी झाली त्याच दिवशी गाडीही गावातून निघाली होती, हे कुणीतरी जुळवलं होतं. ती खुर्चीतून उठते न उठते तोच गाडीवाले काका दारात आले. "ताई, चारही चाकं फाडलीत कुणीतरी," ते म्हणाले, आणि पुढचं बोलण्याआधी त्यांच्या डोक्यात मागून काहीतरी बसलं. काका उंबऱ्यावर आडवे झाले. आणि मग तो दगड, तो कप, तो चहा.

दारातून सहा जण आत आले. चौघे भाडोत्री, धडाला मान नसलेले. त्यांच्यामागे ठेकेदार, हातात सळई, कपड्यांना कडक इस्त्री. त्याच्यामागे त्याचा मुलगा. दिसायला देखणा, अगदी लग्नाच्या फोटोत शोभावा असा.

"आमची सून द्या," ठेकेदार म्हणाला. "कुणाला हात लावायची माझी इच्छा नाही."

"माझ्या बहिणीला काय मग पाय लावला होतात?" थोरली म्हणाली.

ठेकेदाराने नुसती मान हलवली आणि चौघे तुटून पडले.

आता ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, मऊ माणसं, फुंकर मारली तर उडून जातील. त्या लोकांनी कधी जाड शब्दकोश एका हाताने वरच्या फळीवर ठेवून पाहावा. तुरुंगाच्या ग्रंथालयाचे तुरुंगवाले काका देहाने कपाटाएवढे आणि बोलायला लाजरे. त्यांनी जुन्या तालिकेच्या खणातून, कार्डं ओवून ठेवायला असते ती लोखंडी दांडी सर्रकन ओढून काढली. कार्डं पाचोळ्यासारखी उडाली. पहिल्या भाडोत्र्याच्या मनगटावर दांडी बसली तेव्हा सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. "माफ करा," तुरुंगवाले काका म्हणाले आणि दुसरी त्याच्या गुडघ्यावर दिली.

पण हे चौघे पोट भरायला मारामारी करणारे, आणि आपली माणसं पहिल्यांदाच. दुसऱ्याने खुर्ची उचलून तुरुंगवाल्यांच्या तोंडावर घातली. त्यांच्या नाकाचा चेंदामेंदा झाला, रक्त शर्टावर धो धो उतरलं. अध्यक्षांनी भिंतीवरून 'उत्कृष्ट ग्रंथपाल'ची पितळी ढाल उतरवली आणि दोन्ही हातांनी एकाच्या टाळूवर घातली. तो गुडघ्यावर बसला, पण बसल्या बसल्या त्याने अध्यक्षांच्या तोंडावर ठोसा मारला आणि चष्म्याची काच त्यांच्या गालात रुतली. अध्यक्ष काच धरून भिंतीला टेकले आणि म्हणाले, "पोलिसांना फोन करा कुणीतरी." फोन करायला धावलेल्या कार्यकारिणीच्या दोघांना तिसऱ्याने टेबलासकट उलटं पाडलं. चौथा एकेक दार लाथेने उघडत मागच्या बाजूला निघाला.

मागच्या बाजूला दुरुस्तीची खोली होती. तिथे, पुस्तकं दाबून ठेवायच्या मोठ्या शिकंज्याच्या मागे, पाहुणी बसली होती.

थोरली त्या बाजूला धावली. ठेकेदाराने तिचा अंबाडा पकडून तिला मागे खेचलं. इतक्या जोरात, की छताचा पंखा तिला दोनदा दिसला.

"मागच्या खोलीत आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग धावलीस कशाला?"

आणि थोरलीने त्या दिवसातलं पहिलं शहाणं उत्तर दिलं. तिने डोळे मुद्दाम खाली जिन्याकडे वळवले आणि लगेच, चोरी पकडल्यासारखे, वर घेतले. ठेकेदार माणसं हाकून खाणारा माणूस, त्याला नजर वाचता येत होती. तो हसला. "तळघरात," तो मुलाला म्हणाला. "चल. हिलाही घे. किल्ल्या हिच्याच कमरेला असणार."

मुलाने तिला जिन्यावरून ढकलत नेलं. शेवटच्या पायऱ्या ती गुडघ्यांवरच उतरली.

तळघरात संघटनेचं भांडार होतं. राज्यातल्या ज्या ज्या वाचनालयाला जागा पुरत नव्हती, त्याची जुनी पुस्तकं इथे येऊन राहत. जागा वाचावी म्हणून कपाटं रुळांवर बसवलेली, एकाला एक चिकटून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. प्रत्येकाच्या तोंडाशी एक मोठं लोखंडी चाक. चाक फिरवलं की कपाट सरकायचं आणि पाहिजे तिथे एक गल्ली उघडायची. एक उघडली की आधीची बंद. हत्तीच्या वजनाची कपाटं, पण चाकाचे दाते असे गुळगुळीत की शाळकरी पोरीने फिरवावीत.

एक गल्ली उघडी होती, लांबच लांब, टोकाला काळोख. "आत आहे," थोरली म्हणाली. तिचा आवाज थरथरला, आणि तो थरथरायला तिला काही कष्ट पडले नाहीत.

बाप-लेक गल्लीत शिरले. ठेकेदार दोन पावलं टाकून थांबला, मुलगा पुढे गेला. "ये बाहेर," मुलगा काळोखाला म्हणाला, लाडात येऊन. "मी काही करत नाही. ये." थोरलीने चाकाला हात घातला. आता फिरवायचं फक्त. परवाच्या त्या खणाची आठवण तिच्या मनगटात उतरली होती. दोघेही आत होते. दोघेही.

आणि तिचं तोंड उघडलं.

"आत कोणी आहे का?" ती म्हणाली.

तिने ठरवून म्हटलंच नाही. तळघरात काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात की चाकाला हात लावण्याआधी विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि मगच फिरवायचं. थोरलीने हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की चाकाचा गार लोखंडी स्पर्श झाला की ते आपोआप बाहेर पडायचं, जशी मिरचीने शिंक.

मुलाने, कुठल्याही सरळ वाचकाने द्यावं तसं, उत्तर दिलं. "आहे की. का?"

ठेकेदार मात्र का विचारत बसला नाही. तो एका उडीत बाहेर आला, आणि त्याच क्षणी थोरलीने सगळं अंग चाकावर टाकलं. कपाट सरकलं, एवढं मोठं धूड, पण आवाज काय, तर कुणी लांब श्वास सोडावा तेवढाच. मुलगा वळला, धावला, गल्लीच्या तोंडापाशी पोचला आणि तिथेच कपाटाने त्याला गाठलं. छाती आणि एक हात आत, दुसरा हात बाहेर. त्याने मारलेली किंकाळी पुस्तकांनी निम्मी गिळली, तरी उरलेल्या निम्मीने वरची मारामारी क्षणभर थांबली.

ठेकेदाराने थोरलीला लाथेने उडवलं आणि चाक स्वतः धरलं. मुलाला सोडवायला त्याने ते ज्या बाजूला कपाट जायला हवं त्याच बाजूला गरकन फिरवलं. नवीन माणूस इथेच हमखास चुकतो. त्या जुन्या यंत्राचे दाते उलटे होते. कपाट उलट आत सरकलं. मुलाच्या बाहेरच्या हाताची बोटं ताठ झाली. बरगड्या मोडल्याचा आवाज थोरलीने जमिनीवर पडल्या पडल्या ऐकला, एक, आणि लगोलग दुसरी. मग खाली कुठेतरी खट्ट झालं. कपाट अती जोराने दाबलं गेलं की रुळाखालचा खटका पडतो, आणि मग चाक ना इकडे फिरत ना तिकडे.

ठेकेदार चाकाला लोंबकळला. चाक ढिम्म.

"उघड," तो थोरलीकडे वळून म्हणाला.

"खटका पडलाय," थोरली म्हणाली. तिने उठून बसायचा प्रयत्न केला. डावा खांदा जागेवर नव्हता. "सोडवायची रीत आहे. मला येते."

"सोडव मग."

"तुझी माणसं आधी खाली बसव. वरची. हत्यारं टाकून."

त्याने सळई उचलली आणि तिच्या मांडीवर मारली. तिला दिवसा तारे दिसले. त्याने पुन्हा मारली, नडगीवर. तिसरी तिने त्याच डाव्या हातावर घेतली, आणि त्या हाताची दोन बोटं नको त्या दिशेला वळली. तिच्या घशातून आवाज निघाला, तिने तो अडवला नाही. चौथी मारायला त्याने हात उगारला तेव्हा ती बोलली. दातांत रक्त होतं, शब्द भिजून येत होते.

"परवा माझ्या बहिणीची हाडं मोडलीत. काय कळलं तुम्हाला?"

सळई वरच राहिली.

"ती धाकटी," थोरली म्हणाली. "मी तिची थोरली आहे."

"बाबा," फटीतून मुलगा म्हणाला. आवाज फार बारीक, श्वासाला जागा नसलेला. "बाबा, नका मारू तिला. ती म्हणते ते करा."

त्या इस्त्रीच्या माणसाचा चेहरा थोरलीने बघितला. त्याला जन्मात कुणी नाही म्हटलं नसावं, आणि आज म्हटलं तर एका लंगड्या, पांढऱ्या केसांच्या बाईने, जमिनीवर बसून. त्याने मान जिन्याकडे वळवून हाक मारली. "थांबा रे. सगळे थांबा. टाका ते."

वर काहीतरी जड जमिनीवर पडलं. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि पाहुणी खाली आली.

मागच्या खोलीत गेलेला चौथा तिला सापडला होता, किंवा ती त्याला सापडली होती. त्याने तिला केसांना धरून शिकंज्याआडून ओढलं तेव्हा तिच्या हाताला पुस्तकं शिवायचा टोचा लागला. तो टोचा अजून तिच्या मुठीत होता आणि तिचा हात कोपरापर्यंत लाल होता. चौथा वर जमिनीवर पडून पोट धरून आईला हाका मारत होता. पाहुणीच्या मागे गाडीवाले काका, डोक्याला खिडकीचा पडदा गुंडाळलेला, भिंतीला धरून उभे.

"तुझ्या गाडीची किल्ली," थोरली ठेकेदाराला म्हणाली. "काकांना दे. हिला जाऊ दे. ती पोचली की मी खटका सोडवते. त्याआधी नाही."

"मरेल तो तोवर."

"मग लवकर दे."

ठेकेदाराने किल्ली जमिनीवर फेकली. काकांनी वाकून उचलली आणि वाकल्यामुळे त्यांना भोवळ आली, पण ते पडले नाहीत. "चल पोरी," ते म्हणाले. "मला एकाच डोळ्याने दिसतंय, पण रस्ता पाठ आहे."

पाहुणी लगेच निघाली नाही. ती कपाटांपाशी गेली. नवऱ्याचा चेहरा फटीत आडवा दिसत होता, ओठ निळसर.

"बघ," तो म्हणाला. "बघ तुझ्यामुळे काय झालं."

ती जरा वाकली. "दुखतंय का?"

"हो."

"मग हलू नको," ती म्हणाली. "हललं की जास्त दुखतं. मला माहीत आहे."

थोरलीला वाटलं, ही आता टोचा घालणार. टोचा त्या बाहेरच्या हातापासून वीतभरही लांब नव्हता, आणि थोरलीला खरं सांगायचं तर अडवायचं मनात नव्हतं. पाहुणीने टोचा पायरीवर ठेवला. "मोठ्या बाई," ती म्हणाली, पुढे काही बोलायचं होतं, ते तिला जमलं नाही, आणि ती जिना चढून गेली. अंगणात ठेकेदाराच्या गाडीचं इंजिन घुरघुरलं आणि फाटकातून बाहेर पडलं.

मग वाट बघणं सुरू झालं. मार खाण्यापेक्षा हे वाईट असतं, हे थोरलीला ठाऊक नव्हतं. ठेकेदार आधी उभा राहिला, मग बसला, मग कपाटाच्या कडेत नखं घालून ओढू लागला. नखं उचकटली, कपाटावर रक्ताचे ओघळ आले. मुलगा आधी शिव्या देत होता, मग आईला बोलवायला लागला, मग नुसताच घरघरायला लागला.

वर भाडोत्र्यांवर तुरुंगवाल्या काकांचा पहारा बसवून अध्यक्ष गालाला रुमाल लावून जिन्यात येऊन बसले. "ताई, पोरगा जातोय," ते हळूच म्हणाले. "आपण खून करणारी माणसं आहोत का?"

"मला काय माहीत?" थोरली म्हणाली. "आजपर्यंत कधी वेळ आली नव्हती."

"मी सीमेवरच्या बाईंना फोन लावून ठेवलाय. पोचली की त्या कळवतील."

"मग कळवू दे."

"ताई."

तिने त्या फटीकडे बघितलं. तो देखणा चेहरा आता शाईसारखा झाला होता. तिला धाकटीची बोटं आठवली, लहानपणी वेणी घालताना केसांत फिरायची ती. मग तिला पाहुणी आठवली, ठेकेदाराच्या गाडीत, एका डोळ्याच्या चालकाबरोबर, रस्त्यात कुठेतरी. हा सुटला की बाप फोन उचलणार, आणि त्या रस्त्यावर याची माणसं नसतील कशावरून? दोन जीव, आणि चाक एक. शिव्या देऊनही भागणार नाही असल्या वेळी माणसाने काय करावं हे संघटनेच्या कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत.

ती सरपटत त्या कपाटाच्या चाकाशी गेली. तिथे जमिनीलगत एक पट्टी असते, ती पायाने दाबून धरायची आणि तशीच धरून चाक फिरवायचं. धड पाय पट्टीवर आणि धड हात चाकावर, असं अंग ताणून तिने खटका उचलला, आणि चाक एकच दाता मागे घेतलं. फक्त एक. मुलगा बाहेर पडू शकला नाही, पण त्याच्या छातीत वारा शिरला. तो वारा आत ओढतानाचा आवाज करवतीसारखा होता.

ठेकेदार हे बघत होता. आता रीत त्यालाही कळली होती. तो सळई घेऊन उठला.

"ये," थोरली म्हणाली. "तू मारलंस की मी पडणार. चाकावरच पडणार. कुठल्या बाजूला फिरेल ते तुला माहीत आहे."

तो जागच्या जागी उभा राहिला, आणि ती त्या अवघड ताणात तशीच राहिली. खांद्यातून कळा येत होत्या. पाय थरथरत होता, पट्टीवरून सुटू बघत होता. घाम डोळ्यांत गेला, पुसायला हात नव्हता. ठेकेदार तिच्या पायाकडे बघत होता, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तसा. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती मुलाच्या श्वासांकडे लक्ष देऊन राहिली. तो ओढत होता तोवर तिलाही ओढायचं होतं.

वर फोन वाजला.

अध्यक्ष आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकांमधून धावले. वरून त्यांचा आवाज आला, आणि मग ते जिन्याच्या तोंडाशी दिसले. "पलीकडे गेली," ते म्हणाले. "सीमेवरच्या बाई स्वतः सोडून आल्या. मावशी न्यायला आली होती."

थोरलीने चाक फिरवलं. गल्ली उघडली आणि मुलगा बापाच्या अंगावर कोसळला. ठेकेदाराने त्याला खाली निजवलं, त्याच्या तोंडाला कान लावला, आणि श्वास आहे असं कळताच तो सळई घेऊन थोरलीवर आला. पहिला वार तिच्या बरगडीत बसला. दुसरा बसला नाही. जिन्यातून तुरुंगवाले काका आले होते, फुटलेल्या नाकासकट, आणि त्यांच्यामागे उभी असतील नसतील ती कार्यकारिणीची सगळी माणसं, हातांत दांड्या. या वेळी तुरुंगवाले काका माफ करा म्हणाले नाहीत. सळई धरलेला हात त्यांनी कोपरापाशी दांडीने मोडला, मग ठेकेदाराची मान धरून त्याला जमिनीवर पालथा घातला आणि त्याच्या पाठीवर बसून राहिले.

"रुग्णवाहिका बोलवा," थोरली म्हणाली. "दोन बोलवा. आणि पोलीस. माझ्यासाठी पण, मी त्या पोराच्या बरगड्या मोडल्यात."

"ते इतिवृत्तात कसं घ्यायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"जसं झालं तसं."

तिला कार्यकारिणीच्या चौघांनी उचलून वर आणलं आणि उलट्या पडलेल्या टेबलाला टेकवून बसवलं. सगळीकडे कार्डं, काच, रक्तावरून उमटलेली पावलं. तिने धड हाताने इस्पितळाचा नंबर फिरवला. परिचारिका म्हणाली, तुमच्या बहिणीचा जबडा तारेने बांधलाय, बोलता येणार नाही. थोरली म्हणाली, बोलायचं मलाच आहे, फोन तिच्या कानाला लावा.

पलीकडे श्वास ऐकू आला.

"धाकटे," थोरली म्हणाली, "ती पोचली गं. आता कुणाला काही कळलं तरी चालतंय. आता ओरड."

मग तारेने बांधलेल्या दातांमधून, नाकातून, कुठून मिळेल तिथून, आवाज यायला लागला. परवाचा. आधी बारीक, मग वाढत वाढत एवढा मोठा की उभी असलेली माणसं थोरलीकडे वळून बघायला लागली. परिचारिका मागे काहीतरी ओरडत होती. थोरलीने फोन कानापासून दूर केला नाही. तो आवाज संपेपर्यंत तिने ऐकला.